जुनिपरला गुटीचा डबा : डबा चालतो, सोबतचं पत्रक नाही

गुटी कलमासाठी, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळ्या फोडून मग ती कापून घेण्यासाठी, मिळणारे प्लास्टिकचे गोल डबे एव्हाना बहुतेक बागवेड्यांनी पाहिले असतील. दोन अर्धगोल, मधे फांदीपुरतं भोक, बाजूला दोन कड्या. फांदीची साल गोल काढायची, डब्यात ओलं मॉस भरायचं, फांदीभोवती डबा मिटायचा आणि मुळ्यांची वाट बघायची. अंजीर, लिंबू, जास्वंद, रबराचं झाड यांच्यावर हे डबे कसे चालतात ते सांगणारे पुष्कळ आहेत. जुनिपरवर कसे चालतात हे नीट सांगणारं मला कुणी भेटलं नाही. मी दातांची डॉक्टर, उरलेल्या वेळात बोन्साय करते आणि त्यातही जुनिपरच जास्त करते. तेव्हा हे परीक्षण एकाच जातीच्या झाडापुरतं आहे, हे आधीच सांगते.

निकालही आधीच सांगून टाकते. पेन्सिलीपासून अंगठ्यापर्यंत जाडीची फांदी असेल तर मधल्या मापाचा, पारदर्शक डबा जरूर घ्या. त्याहून जाड खोडाला घेऊ नका. जमिनीवर पसरणाऱ्या जुनिपरला तर मुळीच घेऊ नका, तिथे त्याची गरजच नाही. आणि कुठलाही घेतलात तरी सोबतच्या माहितीपत्रकावर जुनिपरच्या बाबतीत विश्वास ठेवू नका.

डबा म्हणून वस्तू बरी आहे. आतून बारीक बारीक बोंडं असतात, त्यामुळे मॉस भिंतीला चिकटून न बसता थोडी हवा खेळते. दोन्ही अर्धांच्या कडांना खाच आणि पट्टी आहे, ती एकमेकीत बसली की टक् असा आवाज येतो. तो आवाज आला नाही तर डबा लागलेला नाही असं समजावं. वरच्या बाजूला पाणी घालायला छोटं छिद्र आहे. लहान, मधला आणि मोठा अशी तीन मापं, आणि रंग काळा किंवा पारदर्शक. एकट्याने काम करणाऱ्याला याचा खरा फायदा होतो. प्लास्टिकच्या कागदाने गुटी बांधायची म्हणजे एका हाताने मॉस धरा, दुसऱ्याने कागद गुंडाळा आणि सुतळी दातात धरा. (दातांबद्दल माझं व्यावसायिक मत वेगळं आहे, पण गुटी बांधताना सगळे हेच करतात.) डब्यात दोन्ही अर्ध आधी भरून ठेवता येतात आणि मग फांदीवर मिटता येतात. मॉस सांडत नाही, चिडचिड होत नाही.

आता पत्रकाकडे येते. त्यावर लिहिलंय की सहा ते आठ आठवड्यांत मुळ्या येतील, मग खालून कापा आणि लावा. अंजिराला हे खरं असेल. जुनिपरला नाही. जुनिपर हे शंकूधारी झाड, मुळ्या धरायला सावकाश. वसंतात वाढ जोरात सुरू झाल्यावर गुटी बांधली तर शरदापर्यंत मुळ्या आल्या तरी नशीब समजायचं. पुष्कळदा पुढचा वाढीचा हंगामही द्यावा लागतो. जी माणसं पत्रक वाचून आठव्या आठवड्याला डबा उघडतात त्यांना आत काय दिसतं? वरच्या कापाच्या कडेला फुगलेला, पांढुरका, खडबडीत गोळा, म्हणजे कॅलस. मुळी एकही नाही. मग ते ठरवतात की प्रयोग फसला, आणि सगळं सोडून देतात. खरं तर तो गोळा दिसणं ही चांगली खूण आहे. झाडाने जखम ओळखली आणि कामाला लागलं, एवढाच त्याचा अर्थ.

गंमत अशी की रोमन लेखक केटो याने इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात जवळजवळ हाच डबा सांगून ठेवलाय. बुडाला भोक असलेलं मडकं किंवा टोपली फांदीवर ओवायची, मातीने दाबून भरायची, झाडावरच ठेवायची आणि २ वर्षांनी खालून तोडायची. तो फळझाडांबद्दल बोलत होता, पण त्याचा हिशोब जुनिपरला आजच्या पत्रकापेक्षा जास्त जवळचा आहे.

एवढी वाट बघायची तर सरळ छाटकलम, म्हणजे काडी कापून मातीत लावणं, का करू नये, असं कुणीही विचारेल. छाटकलमानेही जुनिपर येतं, पण येतं ते काडीएवढं, आणि त्याचं खोड भरायला पुढे वर्षानुवर्षं जातात. गुटीने तुम्ही आधीच जाड झालेली, वळणं घेतलेली, हिरवीगार फांदी तिच्या स्वतःच्या मुळ्यांवर उभी करता. शिवाय मुळ्या खोडाच्या चहूबाजूंनी, एका पातळीत निघतात. बोन्साय करणाऱ्याला खोडाच्या बुंध्याशी असा मुळ्यांचा पसारा मिळणं म्हणजे अर्धं काम झालं. आणि कलम आईझाडासारखंच निघतं. बोन्सायवाल्यांच्या आवडीच्या शिंपाकू या जपानी जुनिपरचे इतोइगावा आणि किशू हे दोन प्रकार ज्यांनी शेजारी शेजारी पाहिलेत त्यांना हे महत्त्वाचं वाटेल. नीगाता भागातल्या इतोइगावावरून नाव पडलेल्या प्रकाराची पालवी नाजूक आणि तजेलदार हिरवी, तर ‘की’ नावाच्या जुन्या जपानी प्रांतावरून नाव पडलेल्या किशूची जरा निळसर आणि भरगच्च. बियांपासून हा नेमकेपणा मिळत नाही.

डब्याच्या यशापयशाचा बराचसा भाग डब्याबाहेरच ठरतो, म्हणून सालीबद्दल थोडं सविस्तर लिहिते. पत्रकावरच्या चित्रात बोटभर रुंद साल काढलेली दाखवलीय आणि फांदी बारीक असो वा जाड, चित्र तेच. जुनिपरला रुंदी फांदीच्या जाडीवर ठरवावी, जाडीच्या दीडपट ते दुप्पट. अरुंद काढली तर वरचा कॅलस खाली वाढत येतो, खालच्या सालीला जाऊन भिडतो आणि झाड आपली जखम भरून मोकळं होतं. मुळ्या काढायची त्याला गरजच उरत नाही.

जुनिपरची बाहेरची साल लांब लांब पट्ट्यांत सुटते, ती बोटांनीच काढावी. खाली तांबूस, गुळगुळीत थर लागतो. मग धारदार पात्याने दोन गोल काप आणि त्यांना जोडणारा एक उभा काप. वाढीच्या दिवसांत मधला पट्टा सहज उचलून निघतो, आणि राळेचा तो तिखट, स्वच्छ वास बोटांना दिवसभर राहतो. इथे बरेच जण थांबतात. थांबू नये. उघड्या लाकडावर अजून एक बुळबुळीत, ओलसर पापुद्रा असतो. तोच कॅम्बियम, नवी साल आणि नवं लाकूड तयार करणारा थर. तो राहिला की पुन्हा साल धरते. मी तो माझ्या दवाखान्यातून बाद झालेल्या स्केलरने खरवडते. हिरड्यांखाली जायला बनवलेलं हत्यार या कामाला कमालीचं योग्य आहे. तुम्ही सुरीच्या पाठीने खरवडा. लाकूड कोरडं, निस्तेज दिसायला लागलं आणि बोट फिरवल्यावर बुळबुळ लागली नाही की झालं. मात्र लाकडात खोल जायचं नाही, कारण वरच्या पालवीला पाणी त्याच लाकडातून जातं. वरून खाली येणारी साखर आणि ऑक्सिन (मुळ्या फोडायला लावणारं झाडाचं संप्रेरक) सालीबरोबर अडतात, वरच्या कापापाशी साठतात आणि तिथेच मुळ्या फुटतात. सगळी करामत एवढीच.

म्हणूनच रूटिंग हार्मोनची पूडही वरच्या कापालाच लावायची. पत्रक म्हणतं की उघड्या भागावर सगळीकडे भुरभुरा. उघड्या लाकडाला तिचा काही उपयोग नाही. आयबीए (हे मुळ्या फोडणारं संप्रेरक) असलेली पूड, आणि तीही कठीण लाकडाच्या कलमांसाठी असते ती जरा तीव्र, ओलसर ब्रशने वरच्या कडेला लावा.

ज्या जुनिपरला आधीच एका बाजूला मेलेल्या लाकडाची पट्टी असते, बोन्सायवाले जिला शारी म्हणतात, तिथे पूर्ण गोल काढायला जरा विचार करावा. जुनिपरमध्ये ठरावीक मुळ्या ठरावीक फांद्यांना सरळ रेषेत पोसतात. जिवंत पट्टा आधीच अरुंद असेल तर सालीचा एक निरुंद पूल ठेवून द्यावा. वेळ जास्त लागतो, पण वरचा भाग वाळायची धास्ती कमी होते. आणखी एक मार्ग आहे, तारेचा. साल न काढता तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची तार फांदीला घट्ट आवळायची. फांदी जाड होत जाते तशी तार सालीत रुतते आणि तोच परिणाम हळूहळू घडतो. बारीक फांद्यांना हे फार छान, आणि डबा तारेवरही तसाच बसतो.

काळ्या डब्याची जाहिरात अशी केली जाते की मुळ्यांना अंधार आवडतो. आवडतो, हे खरं. पण जुनिपर हे भरपूर उन्हात राहणारं झाड. त्याच्या फांदीवर काळा डबा म्हणजे भर दुपारी तापणारा डबा. आतलं मॉस कडेने गरम लागतं. पारदर्शक डबा घेऊन त्यावर ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळली तर अंधारही मिळतो, ऊनही परतवलं जातं, आणि फॉइल सोडली की आतलं दिसतं. हे शेवटचं सर्वांत मोलाचं. काळ्या डब्यात मुळ्या आल्या का हे बघायला डबा उघडावा लागतो, आणि उघडताना मॉसचे दोन भाग होतात. मॉसमध्ये नुकत्या शिरलेल्या मुळ्या काचेच्या दांडीसारख्या कडकन तुटतात. नेमक्या त्याच मुळ्यांसाठी आपण महिनोन्‌महिने थांबलेलो असतो. पारदर्शक डब्यातून भिंतीला टेकलेली पांढरी, बोथट टोकं दिसतात. ती दिसल्यावर लगेच कापायची घाई करू नये. टोकांमागचा भाग तपकिरी होऊन त्यातून दुसऱ्या बारीक मुळ्या फुटू द्याव्यात. फॉइल मात्र बघून झाली की परत लावायची, नाहीतर उजेडाने आत हिरवं शेवाळ धरतं आणि पुढे काहीच दिसत नाही.

ओल धरण्यात डब्याला मी दहापैकी सहा देईन. कोरडं स्फॅग्नम मॉस स्वतःच्या वजनाच्या १५ ते २० पट पाणी धरतं, त्यामुळे भिजवून, नीट पिळून, मुठीतून थेंबभर पाणी निघेल इतपत ओलं भरलं की सुरुवात चांगली होते. पण डब्याची जोडाची फट आणि फांदीभोवतीचं भोक या दोन जागांतून ओल निघून जाते. प्लास्टिकच्या कागदाची गुटी वरून आणि खालून आवळलेली असते, तिथे हा प्रश्न येत नाही. जुनिपरची वाट लांबची असल्यामुळे मधे पाणी घालणं भागच आहे. वरच्या छिद्रातून ओतलेलं पाणी अनेकदा एका बाजूने घरंगळून खालच्या भोकातून निघून जातं. बोथट, वाकड्या टोकाची सुई लावलेली सिरिंज घ्या, मॉसच्या मधोमध न्या आणि हळूहळू सोडा. डबा हातात धरून वजन बघायची सवय लागली की केव्हा पाणी द्यायचं ते आपोआप कळतं.

भोकाबद्दल माझी खरी तक्रार आहे. फळझाडाची फांदी गुळगुळीत आणि लांब असते, पाच-सहा बोटं मोकळी जागा सहज मिळते. जुनिपरवर अशी जागा मिळणं कठीण. जागोजागी बारीक फाटे, त्यांच्यावर खवल्यांची किंवा सुयांची पालवी, आणि डबा मिटताना यातलं काही ना काही कडेच्या खाचेत सापडतंच. एक सुई जरी अडकली तरी टक् होत नाही, फट राहते. डब्याच्या जागेतले फाटे आधी साफ करावे लागतात. पण जुनिपरची ताकद त्याच्या पालवीत असते, म्हणून हे साफ करणं डब्याच्या उंचीपुरतंच ठेवायचं. वरची पालवी जेवढी राखाल तेवढ्या मुळ्या लवकर. सुयांची पालवी असलेल्या जातींवर काम करताना लांब बाह्यांचा सदरा घाला. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक ओरखडे उठतात आणि काहींना पुरळही येतं.

शिवाय कॅलस फुगला आणि फांदी जाड झाली की वरचं भोक तिला आवळायला लागतं. अंजिराला हा प्रश्न येण्याआधीच डबा उतरलेला असतो. जुनिपरवर डबा इतका काळ राहतो की भोक शक्यतो फांदीपेक्षा सैल निवडावं आणि उरलेली जागा मॉसने ठासून भरावी. त्याच लांब काळामुळे उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं. आधी कड्या जातात. मी आता नव्या डब्यालाही बाहेरून तार किंवा झिप टाय लावूनच टाकते.

मोठ्या मापाचा डबा मी घेतला, वापरला, आणि पुन्हा घेणार नाही. ओलं मॉस भरल्यावर तो जड होतो, आडव्या फांदीला खाली ओढतो, आणि वाऱ्याने हलला की आतल्या कोवळ्या मुळ्या घासल्या जातात. वरून बांधून आधार देता येतो, पण मग डब्याची सोय उरली कुठे? जाड खोडाला जुनी पद्धतच बरी. प्लास्टिकची कुंडी एका बाजूने उभी चिरायची, बुडाला खोडाएवढं भोक करायचं, खोडाभोवती बसवून तारेने शिवायची आणि मॉस, प्युमिस (हलका, सच्छिद्र दगड) असं काहीतरी हवेशीर भरायचं. वर मोकळं असल्यामुळे पाणी सरळ झारीने देता येतं. दिसायला ओबडधोबड, पण मोठ्या डब्याला सगळ्याच बाबतीत मागे टाकते.

आणि पसरणाऱ्या जुनिपरला, म्हणजे जुनिपेरस हॉरिझॉन्टॅलिस किंवा प्रोकंबेन्स नाना यांना, डबा लावणं म्हणजे निव्वळ हौस. त्यांच्या फांद्या जमिनीला टेकल्या तिथे आपसूक मुळ्या सोडतात. खालच्या बाजूने साल थोडी खरवडा, फांदी तारेच्या आकड्याने मातीत दाबा, वर दगड ठेवा, विसरून जा. दाब कलमाला माती ओल सांभाळते, तापमान सांभाळते, आणि रोज बघायची खाजही कमी होते. असल्या झाडाच्या चित्रासह डबा विकणाऱ्यांनी निदान एवढं तरी प्रामाणिकपणे छापावं.

डबा सगळ्यात जास्त आवडतो तो तोडणीच्या दिवशी. प्लास्टिकची गुटी कापताना आतला गोळा हातात हलतो, ओघळतो. इथे डबा बंदच ठेवून त्याच्याखाली करवत चालवता येते. मग झाड कुंडीशी नेऊन तिथेच कड्या सोडायच्या. मॉसचा गोळा आख्खा निघतो, त्यावर बोंडांचे खळगे उमटलेले असतात आणि त्या खळग्यांतून मुळ्या वळसे घेऊन गेलेल्या दिसतात. मॉस उपसून काढायचं नाही, मुळ्या धुवायच्या नाहीत. आख्खा गोळा पाणी लवकर निथळेल अशा भरड मिश्रणात ठेवा आणि खोड कुंडीला तारेने इतकं घट्ट बांधा की कुंडी उचलली तर झाडाला धरून उचलता यावी. कापण्याआधी खाली राहणाऱ्या फांदीवर हिरवं काही शिल्लक आहे ना हे पाहून घ्या. जुनिपर उघड्या, जुन्या लाकडावर नवी पालवी सहसा फोडत नाही. खाली हिरवं नसेल तर तो तुकडा मेला, मग त्याचं जिन, म्हणजे साल काढून शोभेसाठी राखलेलं मेलेलं लाकूड, करून टाकायचं.

यानंतरचे आठवडे फसवे असतात, आणि पत्रक इथे एक चकार शब्द काढत नाही. जुनिपर मेल्यावरही कितीतरी दिवस हिरवं दिसतं. रंगावर जाऊ नका. सावलीत, वाऱ्याआड ठेवा, पालवीवर पाणी फवारा, आणि टोकांना नवी फिकट वाढ दिसेपर्यंत कात्री लावू नका. खवल्यांच्या जातीवर मधूनच सुयांची पालवी उगवली तर घाबरायचं कारण नाही. धक्का बसलेलं जुनिपर तसं करतं आणि ताकद आली की पुन्हा खवल्यांवर येतं.

विकत घेताना दुकानात दोन गोष्टी करून बघा. डबा रिकामा मिटवा आणि उजेडासमोर धरा. जोडातून उजेडाची रेघ दिसली तर दुसरा मागा. आणि कडी दोन-चारदा उघडझाक करा, पांढरी घडी पडली तर ते प्लास्टिक एक हंगामही टिकणार नाही. वापरून झाल्यावर डबे ब्रशने घासून, पातळ ब्लीचच्या पाण्यात बुडवून, पूर्ण वाळवून सावलीत ठेवावेत. बोंडांच्या मधे जुनी मुळं आणि मॉस अडकून राहतं, ते काढायला जुना टूथब्रश लागतो.